टकलावरचा उजेड

मला तैलरंग शिकवणाऱ्या सांगलीच्या मास्तरांनी आयुष्यात जुनं अस्सल तैलचित्र एकही पाहिलेलं नव्हतं. त्यांच्याकडे होतं एका जुन्या विलायती चित्राचं घड्या पडलेलं काळंपांढरं छापील पान: टेबलाभोवती पाव खात बसलेले चार म्हातारे. चौकटी आखून ते कॅनव्हासवर उतरवायचं, एवढीच त्यांची विद्या. रंग कुठला, विचारलं की म्हणायचे, "तपकिरी लाव. जुन्या चित्रात समदं तपकिरीच असतंय." तोरा असा, जणू त्या चित्रकाराच्या शेजारीच बिऱ्हाड होतं यांचं.

मीही काही कमी गाढव नव्हतो. चार महिने म्हाताऱ्यांची बोटं गाजरांसारखीच येत होती. साधलं फक्त पुढच्या म्हाताऱ्याचं टक्कल. त्यावर पडलेला खिडकीचा उजेड मी तीन आठवडे लावत, खरवडत, पुन्हा लावत बसलो आणि एका सकाळी तो खरोखर पडला. आपल्याला हे येईल, असं त्या दिवशी पहिल्यांदा वाटलं.

मला मुंबईच्या कलाशाळेत पाठवायचं की चालू लढाईत भरती करायचं, हे वडील चित्र बघून ठरवणार होते. ते पलटणीतले पेन्शनर, कुंडल गावी उसाची शेती. आले, चित्रापुढे उभे राहिले.

"ह्यांच्यात कोण मेलंय रं? समदी बोडकी बसल्यात. ह्या म्होरल्याची तर हजामतबी झालीया."

आमच्याकडे सुतकाशिवाय कोणी उघड्या डोक्यानं बसत नसे.

"आवं आबा, तिकडं तसंच बसत्यात," मी म्हणालो.

"मग तिकडंच टांग. माझ्या सोप्यात सुतक नगं."

मास्तर लगबगीनं पुढे झाले. "व्हय व्हय, पटके ऱ्हायलेत की! पोरगं इसरलं." त्यांचं ते लाचार हसू बघून मला किळस आली. त्यांनी ब्रश माझ्या हातात दिला. तिघांना मी पटके चढवले आणि चौथ्यापाशी, त्या टकलापाशी, थांबलो.

"ह्येला लाल बांध," वडील म्हणाले.

बांधला. अर्ध्या तासात काम उरकलं.

मुंबई मिळाली. चित्र घराच्या पुढच्या सोप्यात लागलं. येईल त्याला वडील लाल पटका दाखवून सांगत, "पोरानं काढलंय. पटका बघा कसा बांधलाय!" मी सुट्टीत घरी असलो की शेजारी उभा राहून हसत असे, हुबेहूब मास्तरांसारखा.