तळहातावरची शाई

मुलाखतीच्या खोलीच्या दाराला काच आहे. बाहेरून आतलं दिसतं, ऐकू मात्र येत नाही. आमच्या कॉम्प्युटर विभागात यंदा नोकरभरतीसाठी आलेली ही शेवटची कंपनी. आत माझी विद्यार्थिनी मेघा पांढऱ्या फळ्यावर प्रोग्रॅम लिहीत होती. तीन ओळी नीट उतरल्या, चौथी चुकली. तिलाही ते कळलं, कारण तिच्या डाव्या हाताची दोन बोटं हवेतच खाली दाबली गेली. कीबोर्डवर चूक मागे घ्यायला ती अशीच दाबतात.

फळा ढिम्म. चूक तिथंच.

चूक करा, मागे घ्या, पुन्हा करा, असं मी या मुलांना रोज सांगते. नोकरी मात्र अशा जागी ठरते, जिथे चूक परक्या माणसांसमोर उघडी पडते आणि मागे घ्यायचं बटण नसतं. डस्टर टेबलाच्या पलीकडे, मुलाखत घेणाऱ्यांजवळ होतं. ‘माग ना बाई,’ मी पुटपुटले. तिनं मागितलं नाही. तळहातानंच ओळ पुसली आणि पुन्हा लिहायला लागली.

बाहेर आली तेव्हा तळहात शाईनं काळानिळा झाला होता.

“चौथी ओळ जमली शेवटी?”

“जमली, मॅडम. निकाल संध्याकाळी सांगणार आहेत.”

“बरं. आधी हात धुऊन ये.”

“नको मॅडम. निकाल लागेपर्यंत राहू दे.”

“इंजिनिअर ना गं तू? शकुन कसले मानतेस?”

ती हसली नाही. मीही तिचा हात पुसायला पर्समधून काढलेला रुमाल परत आत ठेवला.