बारा वाजताची फेरी

स्टेट कॉलेज नावाच्या अमेरिकन गावातल्या पहिल्या हिवाळ्यात मी खिडकीपासून दारापर्यंतची पावलं मोजायचे. चौदा भरायची. नवरा सकाळच्या बसनं युनिव्हर्सिटीत जायचा तो काळोख पडल्यावर परतायचा, आणि काळोख तर पाचलाच पडायचा. मला नोकरीची परवानगी नव्हती, गाडी चालवता येत नव्हती. पुस्तक उघडून दोन पानांत मिटायचे, चहा करून तसाच ओतून द्यायचे. कशातच जीव रमत नव्हता. परत जायचं, एवढं एकच डोक्यात होतं.

जानेवारीत एका शुक्रवारी लख्ख ऊन पडलं. मी शिकेकाईनं न्हाले आणि ओले केस मोकळे सोडून बाल्कनीत जाऊन उभी राहिले. पायांत चपला. ऊन दिसलं की न्हालेली बाई गच्चीत जाते, त्यात विचार तो काय करायचा? थोड्याच वेळात गोठून केसांच्या काड्या झाल्या. हात लावला तर कडकड वाजले. मी किंचाळले, तशा शेजारच्या बाल्कनीतून एक उंच, पांढऱ्या केसांच्या बाई डोकावल्या.

"आत जा! आणि केसांना हात लावू नकोस, तुटतील!"

त्या मूळच्या नॉर्वेच्या. यजमान गेल्यापासून एकट्याच राहत होत्या. अर्ध्या तासात लोकरीचे मोजे घेऊन दारात हजर. आमच्या टेप लावून बंद केलेल्या खिडक्या आणि ओढलेले पडदे त्यांनी नीट पाहून घेतले.

"असं कोंडून घेतलंस तर मार्चपर्यंत वेडी होशील," त्या म्हणाल्या. "उद्या बारा वाजता तयार राहा."

मग माझी शिकवणीच सुरू झाली. सकाळी पाच मिनिटं खिडकी सताड उघडायची. अंगाला लागून लोकर घालायची, सुती नाही. न्याहारीच्या टेबलावर मेणबत्ती लावायची. या मेणबत्तीचा मला विशेष राग. आमच्याकडे वीज गेली की मेणबत्ती लावतात आणि आली की आधी ती विझवतात. इथे डोक्यावर दिवा जळत असताना हे कसलं कौतुक?

आणि बारा वाजता फेरी. बर्फ असो, वारा असो, बाराला दारावर तीन टकटक. तळ्यापर्यंत जायचं आणि यायचं. परतल्यावर त्यांच्याकडे कॉफी आणि गोड पाव. त्या पावांत वेलची असायची. पहिल्या घासालाच आईचं स्वयंपाकघर आठवलं आणि मी चक्क रडले. त्यांनी दुसरा पाव पुढे केला.

नवऱ्याला सांगितलं तर म्हणाला, "अगं, चांगलं आहे ना यार, एक्सरसाइज होतोय!" माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला.

फेब्रुवारीत एका फेरीला मी बर्फावर सपशेल आपटले. शेजारच्या आजींनी हात दिला, पण म्हणाल्या काय, तर "ऊठ, बसून राहिलीस तर गारठशील." घरी येऊन मी रागारागानं आईला हवाई टपालाचा एअरोग्राम लिहिला. त्यात सगळं ओकून टाकलं. केसांच्या काड्या झाल्या, कंबर धरली, एक एकटी म्हातारी मला रोज बारा वाजता बर्फात फिरवते आणि दिवसाउजेडी मेणबत्त्या लावते. शेवटी लिहिलं, मला इथे राहवत नाही, बाबांना सांगून मला परत बोलाव. डोकं थंड व्हायच्या आत पेटीत टाकूनही आले.

उत्तर यायला महिना तरी लागणार होता. पहिला आठवडा मी तिकिटाची स्वप्नं पाहिली. पुढे केव्हातरी लक्षात आलं, की पावणेबारालाच मी मोजे चढवून बसते. न्याहारीला काडी ओढते आणि नवरा निघून गेल्यावरही ज्योतीकडे बघत बसते. आणि मग निराळीच धाकधूक सुरू झाली. बाबांचा स्वभाव मला ठाऊक होता. लेक रडतेय म्हटल्यावर ते तिकीट काढून मोकळे होतील आणि मला जावं लागेल. टपालाची पेटी उघडायला मी मुद्दाम उशीर करायचे. पावलं पुन्हा मोजू लागले होते.

मार्चमध्ये पत्र आलं. जिन्यातच उभ्यानं फोडलं. केस वाळल्याशिवाय बाहेर पडू नकोस, कंबरेला तेल लाव, असं दोन्ही बाजूंना भरून लिहिलं होतं. तिकिटाचं कुठे नाव नव्हतं. अगदी खाली, जागा संपत आली तिथे, बारीक अक्षरात आईनं लिहिलं होतं, "यायचंच असेल तर ये, बाबा लगेच व्यवस्था करतील. पण मग त्या बाई बारा वाजता कुणाबरोबर फिरतील?"

दोन महिने त्या मला फिरवत होत्या, असंच मी धरून चालले होते. मला माझीच लाज वाटली.

बाराला दहा मिनिटं होती. मी बूट घातले, आणि त्या यायच्या आत जाऊन त्यांचं दार तीनदा ठोठावलं.