चालण्याचा प्रचार

आरोग्य खात्यातल्या त्या प्रचार अधिकाऱ्याला ऑफिसात सगळे भोंगेसाहेब म्हणत, आणि त्याची त्यालाही तक्रार नव्हती. गाडीत बसून भोंग्यावरून "नागरिकहो, रोज चाला!" असं ओरडत शहरभर फिरणं हीच त्याची नोकरी. चालायचं नागरिकांनी, बसायचं त्यानं. बसून बसून पोट पट्ट्यावरून ओघळलं होतं. "नमुना म्हणून ठेवलंय," तो बायकोला सांगायचा. "न चालल्यानं काय होतं ते लोकांना दाखवायला नको?"

एकदा एका गल्लीच्या चढावर गाडी बंद पडली.

"साहेब, उतरा," ड्रायव्हर म्हणाला. "वरपर्यंत ढकलावी लागेल."

"मी?"

"मी स्टिअरिंग धरतो. तिसरं कोण आहे?"

तो उतरला. गळ्यातला बिनतारी माइक चालूच होता, हे त्याच्या गावीही नव्हतं. दोन पावलांत त्याला धाप लागली आणि ती भोंग्यातून गल्लीभर घुमली. इतकी वर्षं घसा फोडून एक खिडकी उघडली नव्हती. आज अख्खी गल्ली बाहेर आली. हसत हसत सगळ्यांनी हात लावला, तेव्हा कुठं गाडी वर चढली.

एका मावशींनी त्याला पाणी दिलं. "रोज चाला म्हणता, पण कुठून चालू? फूटपाथवर गाड्या, रस्त्यात खड्डे. मागं एकदा पडले, तेव्हापासून घरातच आहे मी."

भोंग्याला कुणी उलट बोलत नाही, त्यामुळे त्याला उत्तर द्यायची सवयच नव्हती. "चला, दाखवा," एवढंच तो म्हणाला. दोघं एकमेकांच्या आधारानं गल्लीच्या टोकापर्यंत गेले. कोण कुणाला सावरत होतं, हे सांगणं अवघड होतं. मावशींचं म्हणणं मात्र शब्दन् शब्द खरं होतं.

मग त्यानं वरिष्ठांमागं लकडा लावला. "हे आपलं काम नाही," असं ऐकत या खात्यातून त्या खात्यात हेलपाटे घातले. आयुष्यात पहिल्यांदाच त्याला व्यायाम घडत होता. वर्षभरानं फूटपाथ मोकळा झाला, खड्डे बुजले.

एका संध्याकाळी तो बायकोला घेऊन तिथं गेला. सासवा-सुना, आजोबा, कडेवर पोरं घेतलेले बाप, सगळे चालत होते. मावशी तर त्याला मागं टाकून झपाझप पुढं गेल्या. त्याला भरून आलं, आणि दमही लागला.

म्हाताऱ्यांसाठी म्हणून त्यानं भांडून एक बाक बसवून घेतला होता. त्यावर पहिला तोच बसला.