छातीवर ठेवलेला हात

आमच्याकडे नेदरलँड्समधल्या बेस्ट गावी चार मराठी कुटुंबं जेवायला जमली, की गोडाच्या सुमाराला कोणीतरी म्हणतंच, "तो विमानतळाचा किस्सा सांग ना!" एरवी मी फारसं बोलत नाही. लोकांना माझा हा एकच किस्सा माहीत आहे.

लग्नाला वीस वर्षं झाली म्हणून आम्ही दोघं पॉलिनेशियातल्या एका प्रवाळबेटावर गेलो होतो. बेट इतकं अरुंद, की धावपट्टी मांडून जी जागा उरली तिच्यात माणसं राहतात. विमानतळ म्हणजे चार खांब, वर पत्रा, खाली बाकं. वजनकाट्यावर कुत्रा झोपलेला. त्याला उठवून आधी आमच्या बॅगा चढवल्या, मग मला, आणि माझा आकडा सगळ्यांना ऐकू जाईल असा वाचला. तिकीट तपासणाराच सामान लादायला गेला, आणि विमान उतरायच्या वेळी तोच हेल्मेट घालून आगीच्या बंबावर जाऊन बसला. "ॲमस्टरडॅमच्या स्किपोल विमानतळावर एवढ्याच कामाला चार खाती आणि एक ॲप लागतं," असं मी म्हणतो. सगळे हसतात. बायको श्रीखंडाच्या वाट्या उचलून आत जाते.

ती का जाते, ते आज लिहितो.

विमान लहान होतं आणि त्या दिवशी माल जास्त झाला होता. तपासणाऱ्याने खुणांनी सांगितलं, एक जागा कमी आहे; बायको जाऊ शकेल, मी नाही. पुढचं विमान चार दिवसांनी.

"मग राहू की दोघंही," बायको म्हणाली. "काय बिघडतंय?"

सोमवारी ॲमस्टरडॅमला, झुइडास भागातल्या ऑफिसात माझी मीटिंग होती. मी तपासणाऱ्याला म्हणालो, "नो, नो. अर्जंट. व्हेरी अर्जंट."

आपण हा शब्द मिठासारखा वापरतो. पुण्यात झेरॉक्स अर्जंट असते, माझ्या ऑफिसात स्क्रीनवरच्या बटणाचा रंग अर्जंट असतो. पण तिथे दवाखान्यात एकच नर्स. त्या फ्रेंच बोलणाऱ्या बेटावर अर्जंटचा अर्थही एकच: माणूस जातोय, मोठ्या बेटावरच्या इस्पितळात पोचवा. त्या माणसाचा चेहराच बदलला. स्वतःच्या छातीवर हात ठेवून त्याने विचारलं, "हार्ट?"

त्याचा काय समज झाला, ते मला त्याच क्षणी कळलं. "नाही, मीटिंग" एवढं म्हटलं असतं तर भागलं असतं. त्याऐवजी मी माझाही हात छातीवर ठेवला. डावीकडे ठेवायचं भानही राहिलं.

"अरे, काय चाललंय तुझं?"

"तू गप्प बस ना जरा. होतंय काम."

तपासणारा बाकांकडे वळून काहीतरी बोलला. साठीची एक बाई उठली. तिच्या गळ्यात शिंपल्यांच्या सात-आठ माळा होत्या. तिकडे जाणाऱ्याला शिंपले घालतात, येणाऱ्याला फुलं. तिने आपला पास त्याला देऊन टाकला, गळ्यातली एक माळ काढून मला घातली आणि माझ्या गालावरून हात फिरवला. मग आपलं गाठोडं मांडीवर घेऊन पुन्हा बसली.

विमानात शेजारी एक शिक्षक होता, त्याला इंग्रजी येत होतं. तो म्हणाला, ती लेकीच्या बाळंतपणाला निघाली होती. पहिलंच आहे, लेक तिथे एकटी.

बायकोने खिडकीकडे तोंड फिरवलं. आमची मुलगी झाली तेव्हा बायकोची आई व्हिसासाठी मुंबईत अडकली होती. बाळंतिणीला डिंकाचा लाडू कुठला! घरी येणाऱ्या डच नर्सने इकडच्या रीतीप्रमाणे टोस्टवर बडीशेपेच्या गुलाबी गोळ्या पसरून दिल्या, आणि बायको त्या रडत रडत खात होती. हे मला माहीत नव्हतं असं नाही.

उतरलो, तर फोन आमच्या आधी पोचलेला. धावपट्टीवर ॲम्ब्युलन्स, चाकाची खुर्ची. मी मुकाट बसलो. नेदरलँड्समध्ये इतक्या वर्षांत डॉक्टरने मला पॅरासिटामॉलच्या पलीकडे काही दिलं नव्हतं. इथे एका शब्दावर सगळं हजर. पोट सावरत एक तरुण मुलगी पुढे आली. आईसाठी आणलेला फुलांचा हार तिने माझ्या गळ्यात घातला आणि बायकोला विचारलं, "ह्यांचं हार्ट फार वाईट आहे का?"

"हो," बायको म्हणाली. "फार."

ईसीजी उत्तम निघाला. संध्याकाळचं विमान मिळालं. सोमवारची मीटिंग अकरा मिनिटं चालली; पुन्हा एक मीटिंग घ्यायची, एवढं तिच्यात ठरलं.

बायकोने त्या मुलीचा नंबर घेतला होता. आई वेळेत पोचली का, हे मी तीन वर्षं विचारलं नाही. मागच्या शनिवारी दुपारी पुन्हा पाहुणे, पुन्हा "तो किस्सा". मी नको म्हणालो. पाहुणे गेल्यावर विचारलं, "पोचली होती का गं ती आई?"

"नाही. नात आधीच झाली होती. दोन दिवसांची होती, आई आली तेव्हा." बायको ताटं पुसत राहिली. "लेकीला मी तेव्हाच खरं सांगून टाकलं."

"मग?"

"तिने आईला नाही सांगितलं. म्हातारी दर रविवारी चर्चमध्ये तुझ्यासाठी प्रार्थना करते. मधून मधून विचारते, तो माणूस अजून आहे ना?"

"तू काय कळवतेस?"

"आहे म्हणून."

मी नंबर मागितला. तिने ताट खाली ठेवलं. "काय लिहिणारेस?"

फोन हातात घेऊन लिहायला बसलो. इंग्रजीत पहिलं वाक्यसुद्धा जमेना. म्हणून आधी हे मराठीत लिहून काढलं.