तांब्याच्या घरातला हायड्रोजन

लोककथा गोळा करायला दूर जावे लागते, हा समज मी विद्यार्थ्यांमध्ये बरीच वर्षे पसरवला. वस्तुतः या कथा साकेत नगरातल्या आमच्या जेवणाच्या टेबलावरच साठत गेल्या. माझी पत्नी मालती रसायनशास्त्राची प्राध्यापक. तिच्या प्रयोगशाळेत तांब्याचे मोजके अणू आणि हायड्रोजन यांचे सूक्ष्म पुंजके तयार होतात.

असा पुंजका कधी कधी एकाच मोठ्या अणूसारखा वागतो. त्याला ‘सुपरअ‍ॅटम’ म्हणतात. मालतीची विद्यार्थिनी केतकी हिने हे पिपलानी वसाहतीतल्या आपल्या घरी वडिलांना समजावले. ते कारखान्यातून निवृत्त झालेले. शांतपणे म्हणाले, “इतके जण मिळून एकासारखे वागतात? यांची युनियन नाही वाटतं.”

केतकीची अडचण वेगळी होती. क्ष-किरणांना तांबे स्वच्छ दिसते. त्याच्या शेजारचा हायड्रोजन जवळजवळ दिसतच नाही. तो नेमका कुठे बसतो हे दाखवायला न्यूट्रॉनचा प्रयोग हवा आणि त्यासाठी मोठा स्फटिक. तिचे स्फटिक मोहरीएवढेही होईनात.

स्फटिकांविषयी प्रयोगशाळेत कडक विधिनिषेध असतात. इथला असा: बाटली कोपऱ्यात ठेवून विसरून जावे; पाहत राहिले की स्फटिक रुसतात. लोकदैवतांचा स्वभाव याहून फारसा निराळा नसतो. केतकी विसरण्यासाठी म्हणून इंदूरला मावशीकडे गेली आणि तिथून रोज सहकारी सारंगला फोन करू लागली: “मी विसरलेली बाटली ठीक आहे ना?”

सारंग ग्वाल्हेरचा. म्हणाला, “बाटली एकदम मजेत आहे. तू विसरायचं काम तेवढं ढंगाने कर ना यार!”

ती परतली, तरी स्फटिक तेवढेच. मग मालतीने ठरवले, जेवढे सिद्ध झाले तेवढेच प्रबंधात लिहायचे. हायड्रोजनच्या जागेविषयी ‘अनुमान’ या शब्दापुढे जायचे नाही. तोंडी परीक्षेत ‘कुठे’ हा प्रश्न येऊ नये, एवढीच आता सगळ्यांची इच्छा उरली.

परीक्षकांनी विचारले, हायड्रोजन दिसत नाही, तर तो आहे कशावरून? केतकीने सांगितले की जड हायड्रोजन वापरून तोच पुंजका पुन्हा केला, तेव्हा त्याचे वजन अपेक्षेइतकेच वाढले. परीक्षक प्रसन्न झाले. त्यांनी पेनाला टोपण लावले आणि रीतीप्रमाणे श्रोत्यांना विचारले, कोणाला काही शंका?

मागच्या रांगेतून केतकीचे वडील उठले.

“वजन वाढलं, म्हणजे आत कोणीतरी आहे, हे पटलं. पण ते बसतात नेमके कुठे?”

परीक्षकांनी पेनाचे टोपण पुन्हा काढले.

केतकी म्हणाली, “बाबा, घरी सांगते.”