मॅडमच्या वाटणीचं तूप

निर्मला देशकर मॅडम गेल्याचं मला बाबांकडून कळलं. आषाढातली दुपार होती. सिंदीहून त्यांचा फोन आला आणि आधी ते नुसते खोकतच राहिले. मग म्हणाले, "आपल्या मॅडम गेल्या वं..." कॉलेजात तत्त्वज्ञान शिकवणाऱ्या बाईंना माझे शेतकरी वडील 'आपल्या' का म्हणत, ते सांगायला हवं.

नव्वदच्या दशकात मी सिंदीहून पॅसेंजरने वर्ध्याला त्यांच्या वर्गाला जायचे. मॅडमच्या संशोधनाचा विषय होता नैतिक समज. आपली चूक कळते म्हणजे माणसाला नेमकं काय कळतं, या प्रश्नाचा त्यांनी पिच्छाच पुरवला होता. एकदा त्यांनी क्षमेवर निबंध लिहायला सांगितला. मी खांदमळणीवर लिहिला. पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी, जुवाने घासलेल्या बैलांच्या खांद्यांना आमच्याकडे पळसाच्या पानाने हळद-तूप चोळतात आणि दुसऱ्या दिवशीच्या जेवणाचं आवतण देतात. वर्षभर राबवून घेणारा माणूस बैलाची क्षमा मागतो, पण बैलाने ती दिली की नाही हे त्याला कधीच कळत नाही, असं काहीसं मी लिहिलं होतं. शहरात वाढलेल्या मॅडमनी असलं काही पाहिलेलं नव्हतं. भर वर्गात त्यांनी विचारलं, "हे कुठून उतरवलंस?"

मला रडू कोसळलं. दुसऱ्या दिवसापासून वर्गात जाणं बंद केलं. शिकणंच सोडायचं असं ठरवून टाकलं.

पोळ्याच्या आदल्या दिवशी मॅडम सिंदीजवळच सेलूला कुणाकडे तरी गेल्या होत्या. तिथे शेजारच्या अंगणात त्यांनी खांदमळणी पाहिली आणि तशाच उठून आमच्या घरी आल्या. गोठ्यापुढच्या चिखलात उभं राहून मला म्हणाल्या, "चूक माझी आहे. मला माहीत नव्हतं, म्हणून तुला खोटं ठरवलं."

बाबा गडबडले. "मॅडम, पोरीपुढं काऊन हात जोडून राह्यल्या? मास्तरीणबाई कुठी माफी मांगते का?"

"मग कुणी मागायची?"

 बाबांनी हातातली हळद-तुपाची वाटी पुढे केली. "घ्या मंग, लावा." मॅडमनी भीतभीत पान टेकवलं, बैलाने शेपटी उडवली, आणि बाई साडी सावरत अशा मागे सरल्या की रुसलेली मीसुद्धा हसले.

पुढे भर वर्गातही त्यांनी माफी मागितली. मी परत जाऊ लागले, त्यांच्याच हाताखाली संशोधन केलं. पण 'जाऊ द्या मॅडम' हे शब्द काही माझ्या तोंडून निघाले नाहीत. आधी हट्ट होता, मग संकोच... एकदा विषय काढला तर त्यांनीच थांबवलं. "उत्तराची वाट बघत माफी मागितली तर तो सौदा होतो गं." दरवर्षी खांदमळणीला मात्र त्या सिंदीला यायच्या. निवृत्तीनंतर, गुडघे धरून बस चढत, तरीही यायच्या. वाट बघत नव्हत्या, असं मला कधीच वाटलं नाही.

यंदा मी एकटीच गेले. बाबांनी बैल धुऊन उभे केले होते. ओट्यावर तुपाच्या दोन वाट्या होत्या.

"हे दुसरी कोणाची?"

"मॅडमची," बाबा म्हणाले. "सवयीनं भरल्या गेली."

मी ती वाटी उचलली. बैलाच्या खांद्यावर पान फिरवता फिरवता हळूच म्हणाले, "मॅडम, तुम्ही इथे चिखलात उभ्या होत्या ना, मी तेव्हाच माफ केलं होतं." बैल मुकाट उभा होता. पलीकडे बाबा दुसऱ्या बैलाच्या कानाशी वाकून म्हणत होते, "आज आवतन घ्या, उद्या जेवाले या..."