काकांची एंजलची जोडी

"आधी हात खिशात घाल." निजामपुऱ्यातल्या मासेवाल्या काकांच्या दुकानात शिरलं की पहिलं हे ऐकावं लागे. कुणी टाकीच्या काचेवर टकटक केलं की ते सरळ मनगट धरून खाली आणत, मग समोर हवालदार का असेना.

मी वडप्याला गोडाऊनमध्ये सुपरवायझर आहे. कुठलं खोकं कुठं ठेवायचं हे दिवसभर माणसांना ओरडून सांगतो. त्यामुळे जगात आपल्याला कळत नाही असं काही नाही, असा माझा ठाम समज. पहिल्याच दिवशी ऐटीत म्हणालो, "काका, एंजल माशाचा एक नर, एक मादी द्या. पैदास करायचीय."

"मी काय लगीन लावणारा भटजी हाय? सहा पिल्लं ने. मोठी झाली की दोघं आपापली जमतील नि बाकीच्यांना कोपऱ्यात हाकलतील. तीच जोडी."

मी कसला ऐकतोय! दुसरीकडून दोन मोठे एंजल उचलून आणले. आठवड्यात अंडी! गोडाऊनभर पेढे वाटले. तीन दिवसांत सगळी अंडी पांढरीफटक. काका येऊन बघून गेले ते पोट धरून हसतच. दोन्ही माद्या होत्या.

काकांची स्वतःची एक जोडी होती, न विकायची. शेजारच्या कापडाच्या लूमच्या धडधडीनं टाकीतलं पाणी सारखं थरथरायचं, पण शुक्रवारी लूम बंद असले की ही जोडी हमखास अंडी घाली. त्या दिवशी काकू डबा घेऊन येत आणि दोघं स्टुलांवर बसून गुपचूप बघत राहत. मला हेवा वाटे. आमच्या घरी रिमोटसुद्धा भांडल्याशिवाय इकडचा तिकडे जात नाही.

मागच्या वर्षी काकूंना अर्धांगवायू झाला. काका दुकान आवरून त्यांना घेऊन अंबाडीजवळच्या गावी निघाले. बाकी मासे विकले, जोडी माझ्याकडे आणली. "हिचा लई जीव हाय यांच्यावर. ही उठली की न्यायला येईन. फकस्त यांना येगळं करू नको."

पंधरा दिवसांत अंडी आली. बघतो तर नर अंडी उचलून गिळतोय! माझ्यातला सुपरवायझर खवळला. जाळी घातली, नराला बादलीत टाकलं आणि शाबासकी मिळेल म्हणून काकांना फोन लावला.

"अरं, पांढरी पडलेली काढत होता तो! न्हायतर बाकीची सडतात." मग हळूच म्हणाले, "सोड त्याला परत."

सोडला. मादीनं त्याचे पंख फाडले. काकांच्या सांगण्यावरून मधे काच घातली, म्हणजे आठ-दहा दिवस नुसतं बघतील एकमेकांना नि राग निवेल. काच काढली, पुन्हा तेच. असं तीनदा झालं. शेवटी मी टाकीपुढे बसून माशांची माफी मागितली. बायको दारातून बघत होती. एरवी हसली असती, त्या दिवशी हसली नाही.

एका सकाळी काकांचाच फोन आला. "ही गेली रं, पहाटं."

मी फोन घेऊन टाकीपुढे बसलो. तेच म्हणाले, "आपली जोडी? जमली का परत?"

समोर काचेच्या अल्याड नर होता, पल्याड मादी.

"जमली, काका."

"मंग राहू दे तुझ्याकंच. मी एकटा काय करू नेऊन? पन आता मधी काच घालू नको."

"नाही घालत," मी म्हणालो.